डोक्यातून उगवलेला खांब

तो माणूस माझ्याकडे चार वर्षं जेवला, पण बसून एकदाही जेवला नाही. ताट घेऊन अंगणात जायचा, कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायचा आणि उभ्याने घास घ्यायचा. एक डोळा भाकरीवर, एक आभाळावर. ढगाची कड लाल झाली किंवा समोरच्या डोंगरावर ऊन पडलं, की ताट तिथेच टाकून खोलीत पळायचा, गळ्यात कॅमेरा अडकवायचा आणि मोटारसायकलला किक मारायचा. जाताना ओरडायचा, "मावशी, उजेड चालला!" उजेड रोजच जातो. मी त्याला तसं सांगितलंही. त्याचं ताट कावळे साफ करायचे. त्या चार वर्षांत माझ्या अंगणातले कावळे चांगले गलेलठ्ठ झाले.

माझं घर जव्हारात, गावाच्या कडेला. नवरा डेपोत होता. तो गेल्यावर मागची खोली मी भाड्याने द्यायला लागले. शिक्षक राहिले, नर्सबाई राहिल्या, एक तलाठी राहिला. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहिण्यासारखा हा एकच निघाला.

नोकरीला गुरांच्या दवाखान्यात होता. डॉक्टर नव्हता, डॉक्टरच्या हाताखालचा. लसी टोचायच्या, गाय अडली तर हात घालायचा, जखमा धुवायच्या. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जो सुई घेऊन येतो तो डॉक्टर, म्हणून मीही डॉक्टरच म्हणायची. घाटावरचा माणूस, नगरकडचा. बायको-मुलं तिकडेच. बायकोचा फोन आला की दोन मिनिटांत संपायचा. ग्रुपचं मात्र तासन्‌तास चालायचं.

त्या ग्रुपचं सांगते. फोनवर हौशी फोटोवाल्यांचा एक ग्रुप होता. कोणी नाशिकचा, कोणी ठाण्याचा, कोणी पुण्याचा. एकमेकांची तोंडं कोणी बघितलेली नाहीत. एकाने फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. नियम असा की फोटो सोडून दुसरं काही टाकायचं नाही. देवाची चित्रं नाहीत, वाढदिवस नाही, लग्न नाही, मयत नाही. टाकलं तर ग्रुपमधून बाहेर. नाशिकचे एक सर त्यात मुख्य होते, बँकेतून निवृत्त झालेले. डॉक्टर त्यांना देवाच्या जागी मानायचा आणि शाळेतल्या पोरासारखा घाबरायचा.

संध्याकाळी मी ओट्यावर नागली पाखडत बसले की हा समोर येरझाऱ्या घालत मला आपल्या चुका वाचून दाखवायचा. लोक चांगलं बोलले की दुसऱ्याला सांगतात. हा चुका सांगायचा.

"मावशी, ऐका. क्षितिज तिरपं आहे म्हणतात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जमीन एका बाजूला कललेली दिसते."

"आपल्याकडं जमीन कललेलीच असते. त्यांना म्हणावं, जामसरला या आणि सपाट तुकडा शोधून दाखवा."

त्याला हसू यायचं नाही. दुसऱ्या दिवशी जामसरची ढोरं टोचून झाली की पुन्हा त्याच बांधावर उभा. तोच फोटो, जमीन सरळ करून. मग सर म्हणाले, कोपऱ्यात फांदी आलीय, ती डोळ्यांत खुपते. तिसऱ्या दिवशी हा कोयता घेऊन गेला. फांदी मोहाची होती. मोहाचं झाड आमच्याकडे माणसाला खायला घालतं. त्याच्यावर फोटोसाठी कोयता चालवणारा माणूस कोणी बघितला नव्हता. झाडाच्या मालकाची म्हातारी आई हातात शेणाचा गोळा घेऊन त्याच्या मागे धावली. म्हातारीचा नेम चांगला होता. शेणाने माखलेला शर्ट घालून हा घरी आला आणि मला म्हणतो कसा, "पण फ्रेम मोकळी झाली."

एकदा सरांनी लिहिलं की तुमच्या फोटोत सगळं हिरवं आणि मातकट असतं, कुठेतरी लाल ठिपका हवा. झालं. बाजारातून लालभडक फडका आणला आणि लशीच्या थंड पेटीवर घडी करून ठेवला. नांगर धरणाऱ्याच्या डोक्याला तो फडका. पाणी आणणारीच्या खांद्यावर तोच. एकदा बैलाच्या शिंगालाही बांधला. पाड्यावरच्या बाया लांबून त्याची गाडी बघून ओरडायच्या, "डाक्टर आला, फडका आला!" सहा-सात महिने हे चाललं. मग सरांनी एका ओळीत विचारलं, "दोन तालुक्यांत मिळून एकच फडका आहे का?"

त्या दिवशी तो उभ्यानेही जेवला नाही. फडका मला देऊन टाकला. मी त्यात अजून भाकऱ्या बांधते. कापड चांगलं आहे, रंग जात नाही.

एक सांगायला पाहिजे. ढोरांपाशी हा माणूस वेगळा होता. आमच्या शेजारची गाय अडली होती तेव्हा तिच्यापाशी तीन तास शेणामुतात बसून होता. आभाळात काय काय रंग झाले, त्याने मान वर केली नाही. तिच्या कानात काहीतरी बोलत होता. बाहेर आलेल्या वासराचं तोंड पुसलं, त्याचे डोळे बघितले, पाय बघितले आणि मग हात धुतले. मुक्या जनावरापाशी दम धरायचा. बोलणाऱ्या माणसापाशी धरवायचा नाही.

माझा धाकटा भाऊ लहानू आमच्याच तालुक्यातल्या वांगणीला राहतो. बायको लवकर मेली, मूल नाही. दिवाळीनंतर तो भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो आणि राब भाजायच्या वेळेला परत येतो. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्याला आम्ही राब म्हणतो. ते झाल्याशिवाय पुढची शेती नाही. कितीही लांब गेलेला माणूस राबाला घरी येतो. येता-जाता लहानू माझ्याकडे दोन दिवस थांबतो.

डॉक्टर नवीन राहायला आला तेव्हा कॅमेराही नवीनच होता. लहानूचं तोंड त्याला आवडलं. म्हणाला, "मामा, तुमचा फोटो काढतो." लहानूने शर्टाची सगळी बटणं लावली, केसांना पाणी लावलं, हात मांड्यांना चिकटवले आणि समोर बघून सगळे दात दाखवले. आमच्याकडे फोटो असाच काढतात. तो फोटो ग्रुपवर गेला. सरांनी धुऊन काढला. मागचा विजेचा खांब बरोबर माणसाच्या डोक्यातून उगवलाय. कडेला शेळीचं अर्धंच ढुंगण आलंय. आणि माणूस थेट कॅमेऱ्याकडे बघतोय. असा फोटो पोलिसांना द्यायचा असतो, आपल्याला नाही.

तेव्हापासून डॉक्टरने धसका घेतला.

"मामा, इकडं बघू नका. मी इथं नाहीच असं समजा."

लहानू आजूबाजूला बघून म्हणाला, "नाय कसं? हे काय, उभं हाव."

"पण नाही असं समजायचं."

"मंग बोलतंय कोण?"

आमच्याकडे समोर माणूस आला की त्याच्याकडे बघून हसतात. तोंड फिरवलं तर भांडण आहे असं समजतात. लहानूला ते फार जड गेलं. एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "बाय, डाक्टरचं नि माझं काय बिनसलंय काय?" मी म्हटलं, काही नाही, त्याला तुझी पाठ आवडते. लहानूने मान हलवली. पण हळूहळू शिकला. खाली बघायचा, लांब बघायचा, उन्हाकडे पाठ करून चालायचा. आणि ग्रुपमध्ये शाबासक्या यायला लागल्या. लहानूचे हात, चिखलातले पाय, विडीचा धूर, भिंतीवरची सावली. सर एकदा म्हणाले, "आता जमतंय." त्या दिवशी डॉक्टर अंगणात वासरासारखा उड्या मारत होता.

दर रविवारी त्याची साफसफाई असायची. खोलीची नाही, खोली मीच झाडायची. ज्या फोटोला शाबासकी नाही तो पुसून टाकायचा. म्हणायचा, "मावशी, कचरा ठेवला की हात सुधारत नाही."

तिसरं वर्ष सरत आलं तेव्हा भट्टीवरची माणसं टेम्पोतून परत आली आणि त्यांत लहानू नव्हता. बरोबरच्यांनी सांगितलं, त्याला ताप होता, घरी जातो म्हणून आठ दिवस आधीच निघाला. तो वांगणीला पोचला नव्हता. माझ्याकडेही आला नव्हता. वांगणीत सगळ्यांचे राब भाजून झाले आणि ह्याचा तुकडा कोराच राहिला. तेव्हा मी घाबरले. लहानू ताप सहन करेल, उपास सहन करेल, पण राब चुकवणार नाही.

डॉक्टरला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने नाव, वय, उंची लिहून घेतली आणि फोटो मागितला. आधार कार्ड लहानूच्या पिशवीत होतं. माझ्याकडे त्याची झेरॉक्स होती. तीत तोंडाच्या जागी काळा डाग होता.

हवालदार म्हणाला, "आजी, हा माणूस आहे का तवा?"

मी म्हटलं, "फोटोंना काय तोटा? ह्यांनी माझ्या भावाचे शेकड्याने काढलेत. उद्या आणते."

डॉक्टर उठून बाहेर मोटारसायकलपाशी गेला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

घरी येऊन त्याने उभ्यानेच ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि मी समोर बसले. एक फोटो आला, पाठ. दुसरा आला, पाय. मग हात, मग पाठ, मग धुराआड अर्धा गाल. मग टोपीची सावली, तिच्यात एक डोळा. मग पुन्हा पाठ. तो भराभर बटण दाबत होता आणि मी बघत होते. माझा भाऊ मी नखावरून ओळखते. पण हवालदार कसा ओळखणार?

"पुढं चला, डॉक्टर."

"संपले, मावशी."

"आणि तो पहिला? दात काढलेला?"

"तो पुसला. तो चुकीचा होता."

मी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. तेव्हा केलं. म्हटलं, "एवढे फोटो काढलेस आणि माझा भाऊ एकातही नाही. त्याला इकडं बघू नको, तिकडं बघू नको म्हणत राहिलास. आता तो कुठं बघतोय ते तूच सांग."

तो खाली बसला. माझ्या ओट्यावर बसलेला मी त्याला पहिल्यांदा बघितला. खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "ग्रुपला विचारतो. बाहेर काढलं तर काढलं." मला वाटतं, बायको सोडून जाते म्हणाली असती तरी तो इतका घाबरला नसता. त्याने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: "तीन वर्षांपूर्वी मी एक फोटो टाकला होता. डोक्यातून खांब उगवलेला. कोणाकडे असेल तर द्या. त्यातला माणूस हरवला आहे."

पहिलं उत्तर ठाण्याच्या कोणाचं तरी आलं. "ग्रुपचे नियम कृपया पाळावेत."

आणि लगेच फोन वाजला. सरांचा. तीन वर्षांत त्या दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकलेला नव्हता. मला वाटलं होतं जाडजूड आवाज असेल. माझ्यासारखाच म्हातारा, चिरका आवाज निघाला. फोन स्पीकरवर टाकून डॉक्टर उभा राहून बोलत होता, जसे सर अंगणातच आले आहेत.

"तो फोटो माझ्याकडे आहे," सर म्हणाले. "मी ठेवलाय. नवीन लोकांना दाखवतो, काय करू नये ते शिकवायला."

"पाठवता का, सर?"

"पाठवतो. पण मी त्याच्यावर लाल गोल काढलेत. चुकांवर. ते आता निघत नाहीत."

"असू देत, सर."

सरांनी विचारलं, "कोण आहेत ते तुमचे?"

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "मामा."

फोटो आला. एक लाल गोल खांबाला. एक शेळीच्या ढुंगणाला. आणि तिसरा, सगळ्यांत मोठा, लहानूच्या तोंडाभोवती, बाण काढून लिहिलेलं: कॅमेऱ्याकडे बघतोय. माझा भाऊ त्या गोलातून मला सगळे दात दाखवत होता.

बाजारात जाऊन त्याच्या प्रती काढल्या. हवालदाराने एक उचलून उन्हात धरली. "ह्याला गोल कशाला केलाय? आधी कशात सापडला होता काय?"

मी म्हटलं, "शेळीलाही केलाय. तिला पण पकडा."

डॉक्टरने रजा टाकली. भट्टीपासून जव्हारपर्यंत जितके रस्ते येतात तितके त्याने मोटारसायकलवर पालथे घातले. एसटी थांबे, चहाच्या टपऱ्या, देवळं, दवाखाने. मी घरी होते. फोन यायचा, "मावशी, इथं नाही, पुढं जातो," आणि मी काही म्हणायच्या आत बंद. कुठे दहा मिनिटं थांबत नव्हता. आयुष्यभर एका जागी न टिकलेल्या माणसाचा तेव्हा उपयोग झाला. ठाण्याच्या त्या नियमवाल्यानेही आपल्या बाजूच्या थांब्यांवर फोटो चिकटवले, असं पुढे कळलं.

पाचव्या दिवशी एका गावच्या सरकारी दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या बाईला त्याने कागद दाखवला. तिने फडकं बादलीत टाकलं. "हा तर सात नंबरचा! खाटेपाशी कोणी पण आलं की अस्साच बघतो." लहानूला तापाच्या ग्लानीत कोणीतरी रस्त्यावरून उचलून तिथे आणलं होतं. पिशवी आणणाऱ्याच्या गाडीतच गेली होती. गाव विचारलं की तो "राब भाजायचा हाय" एवढंच सांगायचा.

पुढचं डॉक्टरने मला सांगितलं, आणि लहानूनेही. दोघांचं जुळतं, म्हणून खरं असेल. डॉक्टर खाटेपाशी गेला. लहानूने त्याला ओळखलं, त्याच्या गळ्यातला कॅमेरा बघितला आणि शहाण्यासारखं तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टर म्हणाला, "मामा, इकडं बघा."

लहानू भिंतीकडे बघतच म्हणाला, "आता बगू? नक्की?"

तो फोटो त्याने ग्रुपवर टाकला. लहानू खाटेवर, आत गेलेले गाल, सगळे दात बाहेर, आणि मागे सलाईनचा लोखंडी दांडा बरोबर डोक्यातून वर गेलेला. दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही. डॉक्टर येरझाऱ्या घालत होता. लहानू आत माझ्या घरात पेज पीत होता, तरी ह्याचं लक्ष फोनवर. तिसऱ्या दिवशी सरांचं आलं. "खांब पुन्हा डोक्यातून उगवलाय." आणि खाली दुसरी ओळ, "राहू द्या."

हा त्यानंतर सुधारला असं कोणाला वाटेल. नाही. पुन्हा तेच, मी इथं नाहीच असं समजा. फक्त आता प्रत्येक माणसाचे दोन फोटो काढायचा. एक ग्रुपचा, एक समोरून. पाड्यांवर त्या समोरून काढलेल्याला पोलिसाचा फोटो म्हणायला लागले. बाया पदर सारखा करून दटावायच्या, "डाक्टर, आधी पोलिसाचा काढा, मंग तुमचा काय तो." हा चरफडायचा, उजेड चालला म्हणायचा, पण काढायचा. आणि रविवारी ते पुसायचा नाही. लहानू अजून भट्टीवर जातो. जाताना तो लाल गोलांचा फोटो प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवतो. डॉक्टरने त्याला एक स्वच्छ, बिनखांबाचा काढून दिला होता. तो नको म्हणतो. ह्याच्यानेच सापडलो, म्हणतो.

चौथं वर्ष संपता संपता बदलीचा कागद आला. खानदेशात कुठेतरी. निघायच्या सकाळी सामान टेम्पोत चढवलं, मी भाकरी वाढली, त्याने ताट भिंतीवर ठेवलं. मला एकदम आठवलं.

"डॉक्टर, तुमचा फोटो कुठाय?"

"माझा कशाला?"

"तुम्ही हरवलात तर काय दाखवू? द्या तो कॅमेरा. बटण कुठलं?"

त्याने बटण दाखवलं. भिंतीपाशी जाऊन हात मांड्यांना चिकटवून उभा राहिला, अगदी लहानूसारखा. मी म्हटलं, "इकडं बघा." बघितलं. मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी त्याच्या मागे डोंगरावर ऊन पडलं. तो वळला. ओरडला, "मावशी, द्या, द्या, उजेड!"

फोटोत एक हात आहे, सगळा पुसटलेला. एक कान आहे. आणि भिंतीवर त्याच्या ताटात चोच घालणारा कावळा इतका स्वच्छ आलाय की पिसं मोजावीत. जमीन कललेली आहे. डॉक्टर त्यात नाही. त्याने तो ग्रुपवर टाकला. सरांनी लिहिलं, "तुमचा आजवरचा सर्वांत चांगला. एकही चूक नाही." टेम्पोत बसेपर्यंत तो मला ती ओळ पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होता. मोठा करून पाठवूनही दिला. माझ्या भिंतीवर आहे. येणारे विचारतात, कावळा कशाला लावलाय?

आता सहा महिने झाले, त्याचा फोन लागत नाही. नंबर बदलला असेल, नाहीतर फोन कुठल्या तरी बांधावर विसरला असेल. मला काळजी नाही. पण हवालदाराला कावळा दाखवता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं. मी चौथी शिकलेली, जमेल तसं समोरून लिहिलंय. उंच, सडसडीत. कपाळावरचे केस मागे गेलेले. डाव्या मनगटावर म्हशीच्या शिंगाची खूण. गळ्यात काळा कॅमेरा. कोणाला दिसला नाही तर आधी भिंतीवर ठेवलेलं ताट शोधा. ताट सापडलं की आभाळाकडे बघा, आणि ऊन जिकडे असेल तिकडे हाक मारा. भाकरी गार झालीय म्हणून सांगा. यायचा नाही, पण सांगा.